दहा मीटरनं अरुंद

मैदानावर सगळे त्यांना दोरीदादा म्हणायचे. एकोणतीस वर्षांत त्यांच्या खांद्यावर दोरीचं वेटोळं नाही असा दिवस कुणी पाहिला नव्हता. क्रीडासंकुलाच्या कागदावर ते ‘मैदान सेवक’ होते. गवत कापायचं, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, रेषा आखायच्या. काटकोन काढायला त्यांना कसलं यंत्र लागत नसे. तीन, चार आणि पाच मीटरच्या अंतरांवर गाठी मारलेली दोरी खुंट्यांना ताणली की कोपरा असा यायचा, की बघणाऱ्यानं बघतच राहावं.

त्या वर्षी रग्बीची लीग आली. सहा संघ, सहा मालक. खेळाडू बोली लावून घेतलेले. निम्मे परदेशी, निम्मे इथले, कुणी शिक्षक, कुणी पोलिसातला, कुणी अग्निशमन दलातला. पहिलाच हंगाम, आणि पंधरा दिवसांतले सगळे सामने याच एका मैदानावर. एका बाजूला सातच खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. नाक शिंकरेपर्यंत सामना संपायचा आणि दुसरा सुरू व्हायचा.

दोरीदादांनी उभ्या जन्मात रग्बी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी ते घरी येऊन बायकोला म्हणाले, “माणसाच्या अंगावर माणूस टाकतात आणि वर हात मिळवतात.”

बायको रुग्णालयात परिचारिका. ती म्हणाली, “हात मिळवतात तोवर ठीक. नाहीतर आमच्याकडे येतात.”

पण चार दिवसांत त्यांना त्या खेळाची गोम कळली. शंभर मीटर लांब, सत्तर मीटर रुंद एवढं थोरलं मैदान आणि त्यात चौदाच माणसं. सगळा खेळ रुंदीचा. चेंडू हातोहात कडेला न्यायचा आणि कडेला मोकळी जागा सापडली की सुटायचं. पिवळ्या संघाचा एक परदेशी गडी तर असा सुटायचा की मागच्यांनी फक्त त्याच्या पाठीवरचा आकडा वाचावा. लोक त्याला ‘बाण’ म्हणू लागले होते.

उपांत्य सामन्यांच्या दिवशी पहाटे साडेपाचला दोरीदादा नेहमीसारखे बूट काढून मैदानावर फिरायला निघाले. दवाच्या वेळी अनवाणी फिरलं की जमीन आपणहून बोलते, असं ते म्हणत. पश्चिमेच्या कडरेषेपासून तीन-चार मीटर आत, उत्तरेकडच्या गोलखांबांच्या अलीकडे, त्यांचा पाय थबकला. गवत तिथे जरा जास्तच हिरवं होतं. टाच आपटली तर आवाज भरीव नव्हता. त्यांनी खोलीतून लोखंडी सळई आणली आणि दाबली. वीतभर ती नेहमीसारखी अडखळत गेली. मग एकदम सैल झाली आणि मुठीपर्यंत आत शिरली.

दोरीदादा तसेच उकिडवे बसून राहिले. पायाखालची जमीन सरकली असं लोक उगाच म्हणतात. इथे ती खरोखरच गेली होती, आणि वर फक्त गवताची चटई उरली होती. दोन हात पुढे त्यांनी पुन्हा सळई घातली. तेच. आणखी दोन हात. तेच. सहा-सात मीटरचा पट्टा होता, कडरेषेकडे तिरका जाणारा.

आठ वाजता व्यवस्थापक आले. दोरीदादांनी त्यांना तिथे नेऊन दाखवलं.

“वाळू भरा, वर गवताचे तुकडे लावा,” व्यवस्थापक घड्याळाकडे बघत म्हणाले. “चार वाजता थेट प्रक्षेपण आहे.”

“साहेब, वाळू खाली वाहून जाईल. आत पोकळी आहे. या खेळात तीन-तीन जण खांदे भिडवून रेटतात. वरची चटई फाटली तर पाय गुडघ्यापर्यंत आत.”

“तेरा दिवस फाटली का? मग आजच कशी फाटेल? दोन दिवस काढायचेत, दादा. आणि हे बाहेर बोलू नका.”

ते निघून गेले. नऊ वर्षांपूर्वी धावण्याच्या मार्गिकेत अशीच एक जागा बसली होती. त्यांनी तेव्हाच्या साहेबांना सांगितलं होतं, साहेब ‘बघतो’ म्हणाले होते, आणि दोरीदादा आपलं काम झालं समजून गप्प बसले होते. चौथ्या दिवशी शाळेच्या शर्यतीत एका मुलीचा पाय त्यात गेला. गुडघा फिरला. ती परत पळाली नाही. दोरीदादांना कुणी काही विचारलंही नव्हतं. पण सांगितलं होतं ना, एवढ्यावर झोप येत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्यांनी बायकोला फोन केला. ती ड्युटीवर होती, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “भाऊजींना बोलवा.”

“त्याला कशाला?”

“जमिनीखालचं त्यांना नाही विचारायचं तर कुणाला? तुमचा अबोला संध्याकाळी परत सुरू करा.”

धाकटा भाऊ पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होता. दोन वर्षं दोघे बोलत नव्हते. वडील गेले त्या दिवशी तो चार तास उशिरा पोचला. मोठी जलवाहिनी फुटली होती, टाकून येता आलं नाही. दोरीदादा सगळ्यांदेखत म्हणाले होते, “जा, पाण्यालाच खांदा दे.” तो तसाच निघून गेला होता.

फोन तिसऱ्या घंटेला उचलला गेला.

“बोल.” आवाज कोरडा होता.

दोरीदादांनी नमस्कार-चमत्कार न करता सळईचं सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, “पट्टा तिरका आहे? प्रवेशाच्या कमानीकडून पाण्याच्या टाकीकडे?”

“हो.”

“कुणाला त्यावर उभं राहू देऊ नकोस. आलो.”

वीस मिनिटांत तो स्कूटरवरून आला. पोट सुटलं होतं, केस पांढरे झाले होते. भावाकडे न बघता त्यानं आपली ऐकायची सळई जमिनीत रोवली, वरचं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले.

“वाहतंय,” तो म्हणाला. “जुनी लाइन. कागदावर बारा वर्षांपूर्वी बंद झाली. लोक म्हणतात ना, कुठेतरी पाणी मुरतंय. मी तेच ऐकायचा पगार घेतो. माती धुऊन नेलीय बघ. व्हॉल्व्ह कमानीपाशी असणार.”

कमानीपाशी लीगसाठी नव्याकोऱ्या फरश्या बसवल्या होत्या. व्हॉल्व्हचं झाकण त्यांच्याखाली गाडलं गेलं होतं.

“फरशी फोडावी लागेल,” धाकटा म्हणाला. “आणि पाणी बंद केलं तरी पोकळी राहतेच. तुझा खेळ इथे नको.”

दोरीदादांनी घड्याळ पाहिलं. पावणेदहा. व्यवस्थापकांकडे पुन्हा गेलं तर पुन्हा तेच उत्तर. मैदान खेळण्याजोगं आहे की नाही हे शेवटी कोण ठरवतं, एवढं मात्र ते या तेरा दिवसांत शिकले होते. ते सरळ पंचांच्या खोलीत गेले.

मुख्य पंच बाई होत्या. एरवी शाळेत गणित शिकवायच्या. दोरीदादांनी काही समजावत बसण्याऐवजी त्यांना मैदानावर नेलं आणि सळई त्यांच्या हातात दिली. “तुम्हीच दाबा, मॅडम.”

बाईंनी दाबली. सळई मुठीपर्यंत गेली. त्यांनी ती बाहेर काढली, ओलं टोक पाहिलं, आणि त्या एक पाऊल मागे सरकल्या.

“इथे सामना होणार नाही.”

मग जे व्हायचं ते झालं. व्यवस्थापक धावत आले, लीगचे अधिकारी आले, सगळे एकदम बोलू लागले. “तुम्हाला काय सांगितलं होतं मी?” व्यवस्थापक दोरीदादांवर ओरडले. दोरीदादांनी खांद्यावरची दोरी उतरवली आणि ते म्हणाले, “मैदान अरुंद करू. पश्चिमेचे पाच मीटर सोडायचे. खांब मधे राहायला हवेत म्हणून पूर्वेचेही पाच. सत्तरचे साठ. पट्टा रेषेबाहेर जाईल; त्याच्यापुढे दोर बांधू आणि माणसं उभी करू. मला चार तास द्या.”

पंचबाईंनी विचार केला. “नियमाबाहेर आहे. आज खेळणाऱ्या चारही संघांची मान्यता लागेल.”

तीन संघांनी होकार दिला. पिवळ्यांचा प्रशिक्षक मात्र लाल झाला. “दहा मीटर? अहो, आमचा खेळच कडेचा आहे! समोरचे निळे सगळे बैल. अरुंद गल्लीत बैलच जिंकणार. दहा मीटर काढले म्हणजे आमचा बाण काढला.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे दोरीदादांना सगळ्यांत जास्त टोचलं.

पिवळ्यांचा कप्तान इथलाच होता, अग्निशमन दलातला. त्यानं विचारलं, “खाली किती पोकळी आहे?”

“माहीत नाही,” दोरीदादा म्हणाले. “सळई तीन फुटी आहे. ती संपते. पोकळी संपत नाही.”

“आणि काहीच नसलं तर?”

“तर मी तुमचा सामना बिघडवला. तोंड लपवणार नाही.”

कप्तानानं प्रशिक्षकाकडे पाहिलं. “सर, मी खचलेल्या जमिनीतून माणसं काढलीत. साठवर खेळू.”

प्रशिक्षकानं टोपी जमिनीवर आपटली, पण सही केली.

साडेदहाला काम सुरू झालं. कडेच्या दोन रेषाच नव्हेत, त्यांच्या आतल्या पाच मीटरच्या आणि पंधरा मीटरच्या तुटक रेषाही सरकवायच्या होत्या. जुन्या रेषांवर हिरवा रंग, नव्या जागी पांढरा. दोरीदादा दोरी ताणत पुढे, मागून रंगाची गाडी. बाराच्या उन्हात हिरवा रंग गवतावर धरेना. दोनदा मारावा लागला. कमानीकडून फरशी फोडल्याचे घण ऐकू येत होते. एक वाजता घण थांबले आणि धाकटा हात पुसत आला. “बंद केलं. नऊ आटे फिरवावे लागले, सगळे गंजलेले.” त्यानं विचारलं नाही, खाली वाकला आणि दोरीचं दुसरं टोक धरलं. शेवटचा कोपरा झाला तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

पिवळे आणि निळे समोरासमोर आले. दोरीदादा दोराजवळ उभे राहिले, पाठीमागे तो पट्टा. पहिल्याच मिनिटात निळ्यांनी रेटून गुण केले. पिवळ्यांनी बरोबरी केली. दुसऱ्या डावात बाण सुटला. पश्चिमेच्या कडेनं, थेट दोरीदादांच्या समोरून. एक गडी चुकवला, दुसरा चुकवला, आणि तिसऱ्याला वळसा घालताना त्याचा पाय रेषेवर पडला. पांढऱ्या, ओल्या, नव्या रेषेवर. सहायक पंचाचा झेंडा वर गेला. कालच्या मैदानावर तो पाच मीटर आत होता.

प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. बाण वेगात दोरापर्यंत आला, माणसांनी त्याला अडवलं, तरी त्याचा एक पाय दोरापलीकडे पट्ट्यावर पडलाच. जमिनीनं तो पाय झेलला. काही झालं नाही.

आणि त्या क्षणी त्यांच्या मनात पाप आलं. खचली असती तर बरं झालं असतं. लगेच त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

पिवळे दोन गुणांनी हरले. प्रशिक्षक जाताना दोरीदादांसमोर थांबला, “खूश?” एवढंच म्हणाला आणि गेला. धाकट्या भावानं ते ऐकलं. “चल,” तो म्हणाला, “वहिनी वाट बघत असेल. मीही जेवून जाईन.” स्कूटरपाशी दोरीदादा म्हणाले, “त्या दिवशी मी बोलायला नको होतं.” धाकटा म्हणाला, “नको होतं,” आणि स्कूटर चालू केली.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. अंतिम सामनाही अरुंद मैदानावर झाला, निळे जिंकले, आणि वर्तमानपत्रात कुणीतरी ‘रेषेनं केलेला निकाल’ असं छापलं. दोरीदादा संकुलात मान खाली घालून फिरत. खड्डा निघालाच नाही तर? सळईला नुसती भुसभुशीत माती लागली असेल तर? बायकोनं दोनदा सांगितलं, “चौदा जण चालत घरी गेले ना? मग जेवा.” पण ते ताट सरकवून उठत.

मंगळवारी खोदाई झाली. कुदळीच्या चौथ्या घावाला गवताची चटई आत कोसळली. धाकटा शिडी लावून उतरला. तो छातीपर्यंत आत उभा होता आणि त्याच्या डाव्या हाताला पोकळी अजून पुढे गेलेली होती. त्यानं वर भावाकडे पाहिलं. दोरीदादा खड्ड्याच्या काठावर बसले आणि त्यांना रडू फुटलं. बराच वेळ ते थांबेना. कामगार तोंड फिरवून उभे राहिले.

पंचबाईंनी त्या खड्ड्याचा फोटो पिवळ्यांच्या कप्तानाला पाठवला. त्याचं उत्तर त्यांनी दोरीदादांना वाचून दाखवलं: “सगळ्यांना दाखवला. बाण खुर्चीवर बसला तो दहा मिनिटं उठला नाही. काकांना सांगा, सही करताना मलाही खात्री नव्हती.”

वरिष्ठांना डावलून परस्पर पंचांकडे गेल्याबद्दल दोरीदादांना लेखी ताकीद मिळाली होती. खड्डा निघाल्यावर ती मागे घेतली जाईल असं सगळ्यांना वाटलं, घेतली नाही. दुसऱ्या हंगामाच्या आधी लीगनं मात्र एक नवं कलम घातलं: मैदान तपासणाऱ्यानं सामन्याच्या दिवशी सकाळी थेट पंचांना अहवाल द्यायचा, मधे कुणी नाही. त्या अहवालावर पहिली सही दोरीदादांची झाली. सही करताना त्यांनी विचारलं, “हुद्दा काय लिहू?” पंचबाई म्हणाल्या, “आहे तोच लिहा.” त्यांनी लिहिलं, मैदान सेवक, आणि बूट काढून फिरायला निघून गेले.