आधी कोळसा, मंग रंधा

पुष्कळ वर्षं झाली. श्रावण होता. मी बोरिंगवर पितळी गुंडात पाणी भरत होते आन शेजारच्या मंगरूभाऊच्या घरात भांडण चाललं होतं. कोणाच्या घरात कान देऊ नये, पण खिडकी बंद असूनही सारं ऐकू येत होतं.

सोमारी, त्याची बायको, म्हणे, "मले उठता येत नाई. ह्या खिडकीतून चार बाया दिसत होत्या, तेही बंद केलं तुमी."

"मी काऊन करीन? पावसानं फुगली ते."

"मंग पावसालेच बलवा. तोच उघडून देईन."

धानाच्या रोवण्यात शेताच्या धुऱ्यावरून पडून सोमारीची कंबर मोडली, तेव्हापासून ती खाटेवर. सारं जग त्या खिडकीतूनच यायचं. आन रोवण्याच्या दिवसांत धानोऱ्याहून कोणता सुतार येते? मंगरूभाऊनं रंधा मागून आणला आन खिडकीचा पल्ला कडेनं तासून काढला. बोटानं ढकललं तरी खिडकी उघडे. गावभर सांगत फिरला.

थंडीत लाकूड वाळलं. पल्ला लावला तरी बोटभर फट. सोमारी डोक्यावरून गोधडी घेऊन म्हणे, "आता बंद केली तरी उघडीच राह्यते. काम पक्कं हाये तुमचं."

त्यानं फटीवर पट्टी ठोकली. पुढच्या पावसात खिडकी पुन्हा अडकली.

दुसरा कोणी असता तर पुन्हा रंधा घेऊन सुटला असता. हा दोन दिवस खिडकीसमोर नुसता बसून राह्यला. मंग पल्ला कसातरी ओढून उघडला, चुलीतला कोळसा चौकटीले घासला आन पल्ला दाबून पाह्यला. काळं लागलं ते फक्त पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्याले. वरची बिजागरी ढिली होऊन पल्ला लोंबला होता. स्क्रूच्या भोकांत बांबूच्या काड्या ठोकून त्यानं स्क्रू कसले. पल्ला वर उचलला गेला, खिडकी मोकळी झाली.

"लाकडाची चूक नव्हती. बिजागरीची होती," तो म्हणाला.

"आन तुमची?"

"माझीही. फुकट तासलं बिचारीले."

नवऱ्यानं बायकोजवळ चूक कबूल केलेली मी जन्मात एकदाच ऐकली, तेही खिडकीतून.

तेव्हापासून कोणाचीही खिडकी अडकली का मंगरूभाऊ कोळसा घेऊन हजर. शर्टाचा खिसा कायमचा काळा. माझ्या पोरानं, धनराजनं, एकदा भर पावसाळ्यात रंधा काढला, तर यानं हातातून काढूनच घेतला. "दिवाळीपर्यंत थांब बाबू. तासलेलं परत चिकटत नाई."

मागच्या पोळ्याच्या आधी तो गेला. त्या दिवशी सकाळीही माझ्या रांधणीची खिडकी पाह्याले आला होता. छातीत दुखते म्हणे. मी म्हटलं, "बस भाऊ, चहा घे." बसला नाई. कोळसा लावला, पल्ला दाबला, वाकून पाह्यलं.

"खिडकी पाणी प्याली हाये. हात नको लावजो बाई."

तेवढ्यात बोरिंगवर गुंड वाजले.

"बाया आल्या," म्हणाला, आन हात धोतराले पुसत सोमारीची खिडकी उघडाले गेला.