चौकटीवरची बोटं

समोरच्या नानांना दम लागला म्हणून दुपारी अँब्युलन्स आली. तिच्यातल्या दोघांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, ऑक्सिजन लावला आणि दारापर्यंत आणलं. तिथे नानांनी चौकट धरली, ती सोडेनातच.

"पाय पुढे नकोत," मास्कच्या आतून ते म्हणाले. पाय पुढे करून घराबाहेर कुणाला नेतात, हे जिन्यात उभ्या आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं.

"काका, जिना उतरायचाय. डोकं पुढे घेतलं तर ते खाली जाईल, श्वास आणखी कोंडेल," पुढचा म्हणाला. आवाज मऊ होता, पण मानेची शीर ताठ झाली होती. मागचा पुटपुटला, "रोज कुठल्या तरी दारात हेच." नानांचे ओठ निळे पडत चालले होते. मला संताप आला. ती बोटं ओढून सोडवावीत असं वाटलं.

खरं तर आपण रोज पाय पुढे टाकूनच घराबाहेर पडतो. फक्त ते पाऊल आपलं असतं.

शेवटी पुढच्याने नानांच्या बायकोकडे, काकूंकडे, खुर्ची मागितली. "बसून चला, काका. कुठे वळायचं ते तुम्हीच सांगा."

नानांनी चौकट सोडली.

काकू कुलूप लावायला मागे थांबल्या, पण किल्ली काही बसेना. आमच्या जिन्याला एकच वळण आहे, चुकायला दुसरी बाजूच नाही. तरी खालून मास्कमधला आवाज आला, "डावीकडे."

"होय, काका."

तेव्हा कुठे काकूंना किल्ली फिरवता आली.