एकोडीचा वन्समोर

भाऊबीज होऊन आठवडा झाला होता. नागपूरच्या बसस्थानकावर सकाळी सातला साकोलीची गाडी लागली, तेव्हा माझ्याजवळ एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत दोन कपडे व एक जाड वही. सोबत अशोक टेंभरे; मी ग्रंथपालाची नोकरी केली म्हणून तो मला ग्रंथपालच म्हणतो. त्याची माझी ओळख चाळीस वर्षांची आणि एकाच कारणाने झालेली. ते कारण म्हणजे ‘लंबक’. त्या दिवशी लंबक एकोडीच्या मंडईत वाजवणार होते.

लंबक हा नागपूरच्या तिघांचा रॉक वाद्यवृंद. गिटारवर देशकर, बेस गिटार आणि गायन रहमान, ड्रमवर पीटर. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्यांच्या संगीताला. तीन मिनिटांत मुखडा-अंतरा उरकून मोकळे होणारे हे गाणे नव्हे. एकात चार गाणी असावीत असे ते लांबत जाते, सात मात्रांवरून पाचावर येते, वाट चुकल्यासारखे वाटते आणि नेमके घरी पोचते. त्यांच्या दोन कॅसेटी निघाल्या. पण समोर बसून ज्यांनी एकदा ऐकले, त्यांना कॅसेट म्हणजे आंब्याचे चित्र वाटते. म्हणून आम्ही वीस-पंचवीस माणसे आयुष्यभर त्यांच्या मागे फिरलो. अमरावती, जबलपूर, रायपूर, जिथे वाजवतील तिथे.

त्यांची सर्वांत मोठी रचना ‘पाणलोट’. बावीस मिनिटांची. मध्यावर तिघेही एकदम थांबतात. अकरा मात्रा काहीच वाजत नाही. कोणी कोणाकडे पाहत नाही, मान हलवत नाही, आणि बाराव्या मात्रेला तिघे एकत्र कोसळतात. त्या शांततेत आवाज करायचा नाही, हा आम्हा चाहत्यांचा धर्म. नवखा माणूस संपले समजून टाळ्या वाजवतो. मग त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

पाणलोट मी पहिल्यांदा कॉलेजच्या सभागृहात ऐकले. त्या शांततेत मागच्या रांगेतून एका मुलीचा खणखणीत आवाज आला, “वन्समोर!” सभागृह हसले. रचना संपल्यावर पीटरने काठ्या खाली ठेवून तिच्याकडे असे पाहिले की दुसरी कोणी असती तर रडली असती. ती मुलगी एकोडीची होती, गणित शिकायला नागपुरात आलेली. कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजताना ती भांडत होती, “आमच्याकडे नाटकात वन्समोर मागितला की द्यावाच लागतो. मेलेला राजासुद्धा उठून गातो आणि परत मरतो.” त्यावर अशोक म्हणाला, “लंबक कधीच वन्समोर देत नाही.” ती म्हणाली, “आमच्या एकोडीत या म्हणावं. मग पाहू.”

दोन वर्षांनी कुंदाचे आणि माझे लग्न झाले. गेल्या फाल्गुनात ती गेली.

वही तिची. प्रत्येक कार्यक्रमाची एक ओळ: ठिकाण, पाणलोट किती मिनिटे, काय वेगळे वाजले. शेवटच्या रकान्याचे नाव ‘वन्समोर’ आणि त्यात वरपासून खालपर्यंत ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. प्रत्येक कार्यक्रमानंतर ती पीटरला गाठून विचारायची, “एकोडीला कधी?” तो म्हणायचा, “येऊ, येऊ.” मी मागे पिशवी धरून उभा. चाळीस वर्षांत त्या तिघांशी मी एक वाक्य बोललो नव्हतो; बोलणे तिच्याकडे होते.

भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली. लाखनीला गाडी थांबली, आम्ही चहा प्यायलो आणि गाडी सुटल्यावर दोन किलोमीटरवर माझ्या लक्षात आले की वही टपरीच्या बाकावर राहिली. मी पिशवी उघडून अशोकपुढे धरली. अशोकनेच कंडक्टरला गाठले. गाडी बाजूला घेतली, तो एका मोटारसायकलवाल्यामागे बसून परत गेला. सगळी गाडी खोळंबली. पुढच्या सीटवर मांडीवर टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती.

“येवढं का हाये जी त्या वहीत?” तिने विचारले.

“गाणी,” मी म्हणालो.

“मंग थांबू द्या गाडी,” ती कंडक्टरला म्हणाली. “गानी बाकावर ठेवून जातेत का?”

अशोक वही घेऊन परतला आणि गाडी पुढे निघाली. साकोलीला मनोहर घ्यायला आला होता. मनोहर कुंदाचा धाकटा भाऊ, यंदा मंडईच्या मंडळाचा अध्यक्ष. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा. दिवसा दंडार (झाडीपट्टीतले नाचगाणे), रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हलके धान कापून झाले होते. बांध्यांतून (धानाच्या शेतांतून) कडपा, म्हणजे कापलेल्या धानाच्या ओळी, वाळत पडल्या होत्या. ओल्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास गाडीत भरला होता. हा वास कुंदाच्या माहेरच्या ट्रंकेला होता.

“भाऊजी, एक गोस्ट सांगतो,” मनोहर गाडी चालवता चालवता म्हणाला. “दुपारची दंडार बंद करून मिनं या लंबकवाल्यायले बोलावलं. अर्धं गाव नाराज हाये. लोक पोते झटकून उठले तं माह्यं नाक कापलं समजा.”

“पोते?” अशोकने विचारले.

“मंडपात जो तो आपलं पोतं आनून अंथरते. आवडलं नाई का उठते, पोतं झटकते अन् जाते. आमच्या इकडं टाळ्या कमी, पोत्याचा आवाज जास्त.”

“अबे, बावीस मिनिटांचं वाजवतील तर इथं धूळच धूळ होईल,” अशोक म्हणाला. तो पहिल्या दौऱ्यातला काळा टी-शर्ट घालून आला होता. काळा आता करडा झाला होता आणि पोटावर ताणला गेला होता.

ते तिघे आधीच येऊन पोचले होते. मनोहरच्या ओसरीत पंगत बसली. चिन्नोरचा भात, पातोडीची भाजी, लाखोरीच्या डाळीचे वडे. पीटरचे केस पूर्ण पांढरे झालेले, उजवा हात ताटाकडे नेताना तो डाव्याने कोपराला आधार देत होता. मनोहरची बायको वाढायला होती. तिला मी वहिनी म्हणतो.

“पीटरभाऊ, घ्या आनखी एक वडा. बडवाचं हाये ना तुमाले? हातात जोर पायजे.”

“मॅडम, हातच बेकार झाला, वडा काय करेल,” पीटर हसला. मग माझ्याकडे पाहून हळू म्हणाला, “बाईंचं कळलं आम्हाला. म्हणूनच आलो. यायला उशीर केला.”

आता माझी पाळी होती. रात्रभर मी चार वाक्ये तयार केली होती: तिच्या गावात, तिच्या माणसांसमोर, एकदा. त्यातले एकही तोंडात आले नाही.

“पाणलोट,” मी म्हणालो.

देशकरांनी भाताकडे पाहिले. पीटरने मान हलवली. “भाऊ, तीन वर्षं हात नाही लावला त्याला. खांदा मध्येच सुटला तर अर्ध्यावर थांबावं लागेल. तसं नाही वाजवणार मी. छोटी छोटी गाणी वाजवतो, छान वाजवतो.”

“हव,” वहिनी म्हणाल्या आणि त्याच्या ताटात वडा टाकला. “खा तं आधी.”

दुपारी तीनला मंडप भरला. बाहेर आकाशपाळणा, उसाचे भारे, उकडलेल्या शिंगाड्यांच्या पाट्या. अशोकने शिंगाडा दाताने फोडला आणि त्याचे पाणी टी-शर्टवर उडाले; पहिल्या दौऱ्याच्या नावावर डाग पडला म्हणून तो खूप वेळ पुसत बसला. रंगमंच रात्रीच्या नाटकाचा. मागे राजवाड्याचा पडदा, सोन्याचे खांब, कारंजे, आणि त्यासमोर तीन म्हातारे, काळे शर्ट घालून. डावीकडे बाया, उजवीकडे पुरुष. पुढच्या पोत्यावर दंडारीतला जुना ढोलकीवाला हाताची घडी घालून बसला होता. त्याची दंडार आज बंद होती.

पहिली तीन गाणी झाली. चांगली वाजली, पण त्यांचे खरे चांगले आम्ही ओळखतो, ते हे नव्हते. चौथ्याला मागून आवाज आला: फट्. कोणीतरी पोते झटकले. मग आणखी एक. मनोहर मंचाच्या खांबाला धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी खाली पाहिले.

पाचवे गाणे सुरू व्हायचे होते. पीटर थांबला. त्याने उजव्या खांद्याला दोनदा गोल फिरवले, मनगटावरचे घड्याळ काढले आणि देशकरांच्या अँप्लिफायरवर ठेवले.

अशोकने माझा गुडघा इतका घट्ट दाबला की मी कळवळलो. “ग्रंथपाल! घड्याळ! घड्याळ काढलं त्यानं!”

पीटर घड्याळ फक्त पाणलोटच्या आधी काढतो.

सुरुवात एका थेंबासारखी होते. गिटारचा एक स्वर, मग लांब थांबून दुसरा. खाली बेस हळूच वाहायला लागते. ड्रम पहिली दोन मिनिटे नुसते किनारीवर टिकटिक करतात. मग सात मात्रा सुरू होतात आणि पाणी चढू लागते. मी तिघांना इतक्या वेळा ऐकले आहे, पण त्या दिवशी राजवाड्याच्या पडद्यासमोर ते वीस वर्षांनी तरुण झाले. रहमान डोळे मिटून गात होता. देशकरांची बोटे आधी पोचत होती आणि स्वर मागून येत होते. पीटरचा हात वर जाताना थरथरे, खाली येताना थरथरत नसे. पुढच्या ढोलकीवाल्याने घडी सोडली. त्याचे बोट मांडीवर पडू लागले, सातावर बरोबर. पाचावर बदलले तेव्हा बोट एकदा चुकले, तो हसला, आणि पुढच्या फेरीत बरोबर आला. त्यानंतर मागे कोणी पोते झटकले नाही.

पाणी काठोकाठ आले आणि तिघे थांबले.

एक, दोन, तीन, चार...

“वन्समोर!”

बायांच्या बाजूने आला आवाज. वहिनींचा. आणि मग सगळ्या मंडपाचा, “वन्समोर! वन्समोर!” पोरे पोत्यांवर उभी राहून ओरडू लागली.

अशोकने दोन्ही हातांनी तोंड झाकले. “संपलं. आता तो उठून जाते बघ.”

पीटरच्या काठ्या हवेत होत्या. बारावी मात्रा आली आणि गेली. चाळीस वर्षांत ती पहिल्यांदा रिकामी गेली. मनोहर धावत मंचावर चढला, ड्रमपाशी वाकला. रहमानचा माईक जवळच होता, म्हणून आम्हा सर्वांना ऐकू आले.

“पीटरभाऊ, रागावू नोका जी. इथं वन्समोर नाकारत नाई. गावाचा अपमान होते. मेलेला राजाबी उठते.”

पीटरने काठ्या खाली घेतल्या. त्याने मंडपाकडे पाहिले, डावीकडून उजवीकडे, सावकाश. मग तो हसला. मंचावर हसताना मी त्याला कधी पाहिले नव्हते.

“बाई खरं सांगत होत्या,” तो रहमानला म्हणाला. “चल. पहिल्यापासून.”

आणि लंबकने पाणलोट पुन्हा पहिल्यापासून वाजवले. तोच थेंब, तेच लांब थांबणे. पण आता मंडपाला वाट माहीत होती. सात सुरू होण्याआधीच माना हलू लागल्या. पाचाच्या वळणावर ढोलकीवाला एकटा नव्हता. त्याच्या ओळीतली पाच-सहा बोटे एकदम वळली. आणि पाणी चढत चढत काठाशी आले तेव्हा मी पाहिले, बाया एकमेकींना दंड धरून थांबवत होत्या. वहिनींनी पदर तोंडात धरला होता.

तिघे थांबले.

कुंदा बोटांच्या पेरांवर मोजायची. एका बोटाची तीन पेरे, चार बोटांची बारा. कँटीनमध्ये तिनेच दाखवले होते: अकरा पेरे शांत, बाराव्यावर कोसळायचे. त्यानंतर मी कधी मोजले नाही. तिचा अंगठा पाहायचो. आता मी माझ्या बोटांवर अंगठा ठेवला.

जनरेटरची घरघर. आकाशपाळण्याची एक करकर. शिंगाडेवाल्याचा हात पाटीवर तसाच. एवढे गाव श्वास धरून बसले होते आणि कोणी त्यांना सांगितले नव्हते. नऊ. दहा. अकरा.

बाराव्या पेरावर तिघे कोसळले.

त्यानंतरचे वर्णन मला करता येत नाही. एवढेच सांगतो की उरलेले पाणलोट सगळा मंडप उभा राहून ऐकत होता आणि पीटरचा खांदा शेवटच्या ठोक्यापर्यंत सुटला नाही. तो ठोका पडला तेव्हा अशोक रडत होता आणि शिंगाड्याच्या डागाने डोळे पुसत होता. पुन्हा “वन्समोर” उठला. पीटरने उजवा हात वर करून दाखवला. तो खांद्याच्या वर जाईना. मनोहरने माईक ओढून घेतला.

“बस करा बाप्पा! मानूस हाये तो, राजा नोहे!”

मंडप हसत हसत खाली बसला. जुना ढोलकीवाला मंचावर गेला आणि पीटरचा खांदा आपल्या दोन्ही हातांनी चोळू लागला. दोघे काय बोलले ते ऐकू आले नाही.

नंतर ओसरीत अशोकने वहिनींना आमचा नियम सांगितला: शांततेत जो बोलेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

“असं का?” वहिनी म्हणाल्या. “मंग चुलीवर चहाचा मोठा गंज चढवा. सारं गावच बोललं.” त्यांनी मला पहिला कप दिला. “आमच्या बाईनंबी पाजला होता ना जवाईबापू? सांगतलं होतं तिनं.”

“पाजला होता,” मी म्हणालो. “गोड झाला होता थोडा.”

“तिच्या हातचा गोडच राहे,” त्या म्हणाल्या आणि माझ्या कपात आणखी एक चमचा साखर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परतलो. घरून निघताना मी एका आठवणीला तिच्या माहेरी पोचवून येणार होतो, असे मला वाटले होते. परत येताना वाटले, पोचवायला काही नव्हतेच. ती चाळीस वर्षे आम्हाला जे सांगत होती ते आम्हालाच जाऊन पाहायचे होते. तिच्या गावाला ऐकता येते. एकदा ऐकून त्याला शांत राहताही येते, आणि आम्हा जाणकारांना ते शिकायला वर्षे लागली होती.

वैनगंगेच्या पुलावर मी वही उघडली. तिच्या शेवटच्या ओळीखाली, तिच्यापेक्षा वाईट अक्षरात, लिहिले: एकोडी, मंडई.

“मिनिटं किती लिहू?” मी अशोकला विचारले.

“तेहतीस,” तो डोळे न उघडता म्हणाला. “आणि पुढे लिही, खांदा बरोबर.”

ते लिहिले. मग शेवटच्या रकान्यात आलो. वर सगळीकडे तिचे ‘नाही’ होते. गाडी पुलावर हादरत होती, म्हणून पूल संपेपर्यंत थांबलो. मग स्वच्छ अक्षरात लिहिले: दिला.