यमूनं देव माळ्यावरून खाली काढला

"गिलास वेगळा ठेवतात, तर त्यांच्यात पाणी पिऊ नको. पण बाप कशाला बदलतोस रे?"

हे मी कुडाच्या पलीकडून ऐकलेलं. त्याला पुष्कळ वर्षं झाली. सकाळी यमूकडे विस्तव मागायला गेले होते, तर आत नवराबायकोचं जुंपलेलं. तिचा नवरा कोंडू मुरबाडला कारखान्यात हमालीला लागला होता. तिथं त्यानं आपण ठाकरवाडीचे नाय, गावातल्या शेतकऱ्यांपैकी, असं सांगून टाकलेलं.

"तुला काय कळतं?" कोंडू म्हणाला. "चार माणसांत बसायचं तर बोलावं लागतं."

"बस की. पण ठाकरणीनं थापलेली भाकर कशी गिळतोस मग?"

मी विस्तव न घेताच परत आले. चुलीपेक्षा तेच जास्त पेटलेलं.

यमू माझी शेजारीण. टोकावड्याच्या वर, डोंगराला टेकून आमची ठाकरवाडी, सगळी आदिवासी घरं. उंच, काटक बाई. आवाज असा की खालच्या शेतातल्या माणसाला हाक मारायला तिला उठावं लागायचं नाही. उन्हाळ्यात करवंदं, पावसात रानभाजी घेऊन टोकावड्याच्या स्टँडवर बसायची. शाळेत ती एकदाच गेली, तीही मास्तरानं पोराला मारलं म्हणून भांडायला. मी दुसरीपर्यंत गेले, म्हणून मला पंडितीण म्हणायची.

कोंडू गेला. मुलगा दिनेश बांधकामावर जायला लागला. त्याची पोरगी नम्रता पहिलीपासून आश्रमशाळेत, वसतिगृहातच वाढली. ती बारावी झाली आणि कल्याणच्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. आम्ही नाचायच्याच बेतात होतो, तेवढ्यात फीचा आकडा आला. दिनेश म्हणाला, "एक वर्ष घरी बस, मग बघू." घरी बसवलेल्या पोरीचं पुढं काय बघतात ते वाडीत सगळ्यांना ठाऊक. यमू बोलली, "घरी बसायला ती काय म्हातारी झाली?"

दुसऱ्या दिवसापासून यमूनं नवा धंदा काढला. स्टँडवर पाठीला दप्तर दिसलं की विचारायची, "काय रे, तुझी फी कोण भरतं?"

एक पोरगा वैतागला. "आजी, तुमाला काय करायचंय?"

"माझ्याकडं असती तर तुला कशाला विचारलं असतं? तुझ्या अंगावर शर्ट चांगला दिसला म्हणून विचारलं."

लोक हसायचे. काहीजण लांबून वळसा घालायचे. पण माळशेजकडच्या एका पोरीनं तिच्या पाटीशेजारी बसून सगळं सांगितलं. आदिवासी पोरांची फी सरकार भरतं, तिची भरतं तशी नम्रताचीही भरेल. अर्ज कॉम्प्युटरवर करायचा. पण नुसता जातीचा दाखला पुरत नाही, तो कमिटीकडून पडताळून आणावा लागतो. यमूनं तिला रानभाजीची जुडी दिली आणि त्याच आठवड्यात नम्रताला घेऊन मुरबाड गाठलं.

मीही गेले होते. एका कॉम्प्युटरवाल्या पोराच्या दुकानात फीचा आणि पडताळणीचा अर्ज भरायला बसलो, तर कसला नंबर दिनेशच्या मोबाईलवर जायचा. दिनेश डोंबिवलीला इमारतीच्या वरच्या मजल्यावर. तो ओरडून आकडे सांगायचा, इथं लिहीपर्यंत नंबर संपायचा. असं तीनदा झालं.

"संपला म्हणजे?" यमूनं विचारलं.

"टाइम संपला, आजी."

"दूध नासायला पण याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो."

शेवटी दिनेश हातातलं घमेलं ठेवून खाली उतरला तेव्हा जमलं. कॉलेजानं सांगितलं, अर्ज केलाय ना, मग पोरगी बसू दे वर्गात. पण पडताळणीचा कागद दिवाळीच्या सुट्टीनंतर हातात पाहिजे. नाहीतर पूर्ण फी, नाहीतर जागा सोडा.

भादव्यात निरोप आला, कमिटीची माणसं घरी चौकशीला येणार, ही खरंच ठाकर आहेत का ते बघायला. आणि इथं आमच्या लोकांनी ते केलं, जे आमचेच लोक करू शकतात. साहेब येतो म्हणून घर ठाकराचं दिसू नये अशी तयारी केली.

दिनेशच्या बायकोनं, प्रमिलानं, भिंती सारवल्या. गावातून गणपतीचा मोठा फोटो मागून आणला. मोरपिसांचा जुडगा, म्हणजे आमचा हिरवा देव, फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. नम्रताला सांगितलं, शुद्ध बोल. आणि यमूला सांगितलं, "आये, तू लहानीकडं जाऊन बस. तू काहीतरी बोलशील."

लहानी म्हणजे मी. ती माझ्या ओटीवर येऊन बसली. फार शहाण्यासारखी बसली, त्यातच मला भीती वाटली.

घरात काय झालं ते नम्रतानं नंतर सांगितलं. साहेब बरा माणूस होता. चटईवर बसला, चहा घेतला, मग विचारलं, "देव कोणते तुमचे?" दिनेश म्हणाला, गणपती, साईबाबा. "लग्न कोण लावतं?" भटजी. "वाघबारशीला काय करता?" दिनेश हसून म्हणाला, "ते आमी सोडलं साहेब. आमी सुधारलोय." साहेबानं नम्रताकडं बघितलं. तिला वाघबारस ठाऊकच नाही. हा आमचा वाघदेवाचा सण दिवाळीच्या तोंडावर येतो, वसतिगृहाला सुट्टी लागायच्या आधी होऊन जातो. साहेबानं सगळं लिहून घेतलं. खाली दिनेशनं सही केली, तीही झोकात.

जीप निघाली तशी नम्रता रडत माझ्याकडं आली. "आजे, ते म्हणतात, यात ठाकरांसारखं कायच नाय."

यमू उठली. मला वाटलं दिनेशला बडवायला चालली. ती थेट वाटेत जाऊन जीपच्या तोंडासमोर उभी राहिली.

"खाली उतर. माझ्या घरात तुला खोटं सांगितलंय. खरं ऐकून जा."

"आजी, जबाब झाला. सही झाली."

"सही पोरानं केली. घर माझं हाय."

मग तिनं प्रमिलाला हाक मारली. सगळ्या वाडीनं ऐकली. "प्रमिला! देव खाली काढ!"

प्रमिला मान खाली घालून फडकं घेऊन आली. यमूनं तिथंच वाटेवर ते सोडलं, पिसं झटकली. साहेब उतरला, त्यानं चपला काढल्या. पण म्हणाला, "माझ्या हातात आता नाही. ठाण्याला कचेरीत या, नवा जबाब द्यायचाय असं लिहून द्या. लवकर या."

जायचं ठरलं, तर दिनेश आडवा आला. "तिथं शिकली-सवरलेली माणसं असतात. त्यांच्यापुढं पिसं घेऊन नाचणार का?"

"नाचेन. फी तुझा गणपतीचा फोटो भरणार हाय का?"

"आये, लाज वाटते गो."

"मला पण वाटते. तुझी."

आम्ही तिघी गेलो. कल्याणपर्यंत एसटी, पुढं गाडी. यमूनं पिसं मांडीवर उघडीच धरलेली. वाटभर ती नम्रताला सांगत होती, वाघबारशीला गुराखी पोरं घरोघर तांदूळ मागतात, वाघदेवाजवळ खीर शिजवतात, एक पोर वाघ होतं, एक अस्वल, बाकीचे त्यांना पिटाळतात. शेजारचा माणूस कानातली वायर काढून ऐकायला लागला.

कचेरीत नम्रताला पुढं बोलावलं. बाईसाहेब होत्या. मला वाटलं पोरगी पाठ केलेलं बोलेल. ती म्हणाली, "मॅडम, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिलीपासून बाहेर आहे. पप्पांना लाज वाटली, म्हणून त्यांनी लपवलं. मी लपवत नाही. आमचं आजीला ठाऊक आहे, ती सांगेल. मी पण ऐकते."

बाईसाहेब यमूकडं वळल्या. "बरं, लग्न कसं लागतं ते सांगा."

यमूनं खुर्ची जवळ ओढली. "चहा सांगून ठेव बाई. आमचं लग्न लवकर आवरत नाय."

आणि तिनं सगळं लग्न लावलं. गाणी म्हटली, रुसवे काढले, नवरीच्या मामाची नक्कल केली. शेजारच्या खोलीतले कारकून दारात येऊन उभे राहिले. कोण हसलं, तर यमूनं त्यालाच नवरदेव केलं.

दिवाळीची सुट्टी संपली तरी कागद आला नाही. कॉलेजानं नोटीस लावली. यमूनं नम्रताला सांगितलं, "तू बस वर्गात. उठवायला आले तर म्हण, आजीला बोलवते." उठवायला कोणी आलं नाही. कागद आला, उशिरा आला, पण आला. फी सरकारनं भरली. नम्रता आता तिसऱ्या वर्षाला आहे. दिनेश गणपतीचा फोटो परत द्यायला गेला तेव्हा बराच वेळ गावातून आला नाही. यमू म्हणाली, "तोंड धुवायला गेला असेल."

त्यानंतर वाडीत कुणाकडं चौकशी आली की यमू आधी जाऊन बसायची. "माळ्यावर काय टाकलंय? काढा खाली." पोरांचे दाखले, अर्ज, सगळं तिच्याच मागं लागलं.

यमू वारली त्याच आठवड्यात ती वाडीतल्या महादूच्या चिमीला उत्पन्नाचा दाखला काढायला मुरबाडला घेऊन गेली होती. खिडकीवरचा म्हणाला, मशीन बंद आहे, उद्या या. यमू पायरीवर बसली, भाकर सोडली, अर्धी चिमीला दिली. "आमी इथंच हाव. चालू झालं का हाक मार." उन्हं कलल्यावर त्यानं हाक मारली. तिनं दाखला चिमीच्या पिशवीत घातला, पिशवी छातीशी धरायला सांगितली, तिला टोकावड्याच्या गाडीत खिडकीजवळ बसवलं, "तू हो पुढं" म्हणाली आणि स्वतः सुकट घ्यायला बाजारात गेली.