तांबडी माती आणि मावळे, घरपोच

आमच्या घाटकोपरच्या घरात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत, माती आणि किस्से. कपाटाखाली झाडू घातला की मूठभर माती निघते, आणि ती भरता भरता काहीतरी आठवून मी एकटीच हसत बसते.

झालं असं की आम्ही ऑनलाइन दुकान काढलं. दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात ना, त्याचं सगळं सामान एका बॉक्समध्ये. सासूबाईंच्या गावची तांबडी माती, प्लास्टरचे मावळे आणि किल्ल्यावर गवत उगवायला हळिवाची पुडी. ‘आम्ही’ म्हणजे मी, शेजारची नंदा आणि नंदाचा चांगल्या कॅमेऱ्याचा फोन. सासूबाई यात नव्हत्या. त्यांचं एकच पालुपद, "माती कोण विकत घेता गो?"

नवऱ्याने आधीच सांगितलं होतं, या दिवाळीत चाललं तर चाललं. नाहीतर मी परत साकीनाक्याच्या युनिटमध्ये पॅकिंगला आणि चिऊ पाळणाघरात. चिऊ तीन वर्षांची, सासूबाईंचे गुडघे तिच्यामागे धावणारे नाहीत. तेव्हापासून मी भाऊबीजेपर्यंतचे दिवस मोजत होते.

* * *

पहिली काळजी मावळ्यांची. कुरिअरवाले बॉक्स कसे फेकतात ते मी युनिटमध्ये बघितलेलं. म्हणून एक बॉक्स पलंगावरून खाली टाकला, उघडून बघितला, मावळे शाबूत. परत टाकला, परत बघितला. चिऊला वाटलं, आई खेळतेय. मी जरा चहा ठेवायला गेले, तेवढ्यात तिने दुसरा बॉक्स गॅलरीतून सोडला.

खाली धप्प आवाज, मी गॅलरीकडे धावले. थोड्या वेळाने वॉचमन बॉक्स घेऊन दारात. अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "भाभी, आपका किला गिर गया."

मावळा एकही फुटला नव्हता. नंदा म्हणाली, "चला, पहिल्या मजल्याची टेस्ट पास."

* * *

मग काळजी, की ऑर्डर खरंच पोचते का? मी नवऱ्याच्या फोनवरून आपलाच बॉक्स मागवला. तो आमच्या दारातून निघाला, भिवंडीच्या गोदामात जाऊन आला आणि परत आमच्याच दारात. नेमकी मी बाजारात. सासूबाईंनी तो घेतला, उघडला, माती बोटांवर चोळून बघितली. मी आले तर म्हणतात, "ह्यांची माती बघ. आपल्यासारखी नाय."

मी बॉक्सवरचं आमच्या दुकानाचं नाव दाखवलं.

सासूबाई जराही हलल्या नाहीत. "मगे परवासात बिघाडली आसतली."

* * *

दसऱ्याला आम्ही दुकानाच्या हत्यारांची पूजा केली. वजनकाटा, कात्री, टेपचा रोल आणि नंदाचा फोन. दुकानावर विश्वास नसला तरी सासूबाई पूजेत काही कमी करत नाहीत. प्रत्येकाला ठसठशीत कुंकू लावलं, फोनला तर बरोबर कॅमेऱ्यावर!

आमच्या लक्षात येईपर्यंत दुपारी काढलेले नमुन्याच्या किल्ल्यांचे सगळे फोटो दुकानाच्या पानावर टाकून झाले होते. प्रत्येक किल्ल्यामागे लालभडक आभाळ. मी रडकुंडीला येऊन फोटो काढून टाकायला बसले, तर एका बाईंचा मेसेज, हा सूर्योदय पण बॉक्समध्ये येतो का?

नंदाने उत्तर टाकलं, "नाही ताई, त्यासाठी पहाटे उठा."

त्या बाईंनी बॉक्स मागवला. त्यांच्या जावेनेही.

* * *

सेल सुरू झाला आणि ऑर्डरी धडाधड आल्या. कुरिअरवाला चारला येणार, आणि हळिवाची पिशवी गायब! मी अख्खं घर उलथं केलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून नारळ-गुळाचा वास आला.

सासूबाई लाडू वळत होत्या. सगळं हळीव भिजवून, शिजवून मोकळ्या. मी रिकामी पिशवी उलटी करून झटकून बघितली. म्हटलं, आई, वाट लागली. आता गेलं दुकान.

त्यांनी माझ्या हातात लाडू ठेवला. "आरशात बघितलंस? बाळंतिणीच्या वर सुकलंस. आधी खा."

मी रडत रडत खाल्ला. त्या गुडघे धरून उठल्या, फळीवरचा मोहरीचा डबा काढला आणि पुड्या बांधायला बसल्या. म्हणाल्या, "आमच्या लहानपणी किल्ल्यार ह्याच पेरीत."

कुरिअरवाला आला तेव्हा शेवटच्या बॉक्सला टेप लागत होती. त्यालाही लाडू मिळाला.

* * *

लोकांचे फोटो यायला लागले. सगळे किल्ले हिरवेगार. पण त्या दिवाळीत आमच्या फोडणीला मोहरी नव्हती.

भाऊबीजेच्या सकाळी मी चिऊला न्हाऊ घालत होते आणि माझा फोन वाजला. सासूबाईंनी उचलून स्पीकरवर टाकला. साकीनाक्याचे सुपरवायझर होते. सोमवारपासून येतेस का, विचारत होते. मी तांब्या हातात धरून तशीच उभी.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिका वेळ नाय. तुमका काय व्हया, माती की मावळे?"