बाबांच्या घरातील तिरपी चौकट

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावरील सर्वांस, घटनाक्रम असा. आज बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनी, रिसोडच्या घरी, मी त्यांची तसबीर दाराच्या वर भिंतीवर लावली. पाणसळीतला बुडबुडा अगदी मध्यावर आणला. तरीही तसबीर तिरपी दिसत होती. म्हणून दाराची चौकट तपासली, तर तीच तिरपी!

पाटबंधारे खात्यातले माझे अभियंता बाबा चटणीची वाटीसुद्धा ताटाच्या मध्यरेषेत ठेवत. त्यांनी स्वतः बांधलेल्या घरात हा दोष? मी तत्काळ फोन करून गवंड्याला उद्या बोलावले.

आई उखडली. "काहून बोलावून राह्यली त्याले? ते चौकट बसवतानाच तुह्या येळच्या कळा सुरू झाल्या मले. तुहे बाबा काम टाकून मले घेऊन दवाखान्यात पयाले. मिस्तरीनं मंग आपल्या मनानं बसवली."

"नंतर सरळ का केली नाही?"

"म्हनत, पोरगी सरळ झाली का चौकट सरळ करू. वाटच पाहून राह्यले बिचारे!"

मी तसबीर चौकटीइतकीच तिरपी केली. आता बाबा सरळ दिसतात.

गवंडी उद्या नऊला येईल. चौकट सरळ करावी की राहू द्यावी? आजच लेखी व सकारण कळवावे. जोडलेल्या हातांचे इमोजी उत्तर म्हणून ग्राह्य धरले जाणार नाहीत.