दिवसाउजेडी रोडगे

वाशीमला आलो तर काय खायचं, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, येणार किती वाजता? लोकांना वाटतं म्हातारी चेष्टा करते. पण आमच्यासारख्या जैनांच्या घरी जेवायचं तर भुकेआधी सूर्याकडे बघावं लागतं. दिवस मावळला की आमच्याकडे चूल थंड. कडक पाळणारी माणसं मग सकाळपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाहीत.

बाबांचं बाजारात कापडाचं दुकान होतं, पण जीव सगळा खाण्यात. परगावचा माणूस दुकानाची पायरी चढला की कापडाचं ठाण उलगडायच्या आधी ते त्याला गावात काय काय खाल्लं ते विचारायचे. त्याने काही खाल्लेलं नसलं तर त्यांना मनापासून वाईट वाटायचं. मग सुरू. कचोरी बसस्टँडसमोरच्या हॉटेलातली, तीही दुसऱ्या घाण्याची, कारण पहिल्या घाण्याला तेल पुरतं तापलेलं नसतं. जिलेबी बालाजीच्या देवळाकडे जाताना, आणि सकाळीच. थंडी असली तर सांबारवडी. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हेही ते समजावून सांगत. मंगरूळपीरला जाणार असाल तर दर्ग्याजवळच्या रेवड्या. एवढं सगळं झालं की शेवटी म्हणायचे, "हे ठीक हाये. पण रोडगे खाल्ले नाई तं वाशीमले आलेच कायले?"

आता हे रोडगे काही हॉटेलात मिळत नसत. त्यासाठी कोणाच्या तरी मळ्यात जावं लागे. जाडसर दळलेली कणीक, तिला तेलाचं मोहन, थरावर थर देऊन वळलेले मुठीएवढे गोळे. गोवऱ्या पेटवून त्यांचा निखारा झाला की हे गोळे त्यात पुरायचे आणि वर राख ओढायची. मग झाडाखाली गप्पा मारत बसायचं. भाजले की कापडात घेऊन राख झटकायची, फोडायचे आणि आत तूप ओतायचं. सोबत वरण, आणि थंडीत तुरीच्या सोल्यांची, म्हणजे कोवळ्या दाण्यांची आमटी. ते तूप कोपरापर्यंत ओघळल्याशिवाय रोडगे खाल्ले असं मी तरी मानत नाही. एकच अट, त्याला घाई चालत नाही. जाळ मोठा केला तर वरून कोळसा आणि आतून पीठ.

सत्तर सालानंतरच्या एका थंडीत सोलापूरकडचे पाहुणे मला बघायला आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. आदल्या दिवशी जवळच्या शिरपूरला देवदर्शन करून सकाळच्या बसने ते आमच्याकडे उतरले. याआधी माझी दोन स्थळं मोडली होती, आणि दोन्ही माझ्या तोंडामुळे. एका ठिकाणी मुलाच्या काकांनी स्वयंपाक येतो का म्हणून विचारलं, तर मी विचारलं, मुलाला येतो का? दुसऱ्या ठिकाणचं सांगत नाही, ते याहून वाईट होतं. त्यामुळे आईने सकाळीच दम भरला होता. "आज तोंडातून शब्द काढू नको. हे बी गेलं तं मंग तुह्यासाठी कोनाच्या दारात जावं आमी?"

आणि मुलगा मला आवडला होता. आता सांगायला काय जातंय, तेव्हा सांगायची सोय नव्हती. घरात शिरताना आपल्या आईच्या चपला उन्हात राहिल्या हे त्याने पाहिलं आणि पायानेच हळूच त्या सावलीत सरकवल्या. एवढंच. पण मला पुरलं. त्या दिवशी मी तोंड घट्ट मिटून ठेवलं ते आईच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या मर्जीने.

बेत ठरलेला होता. दुपारी सगळ्यांनी अनसिंगच्या वाटेवरच्या आमच्या मळ्यात जायचं, आणि दिवस मावळायच्या आत रोडगे जेवायचे. मुलाची आई कडक नेमाची. बाहेरचं काही खायची नाही, पाणीही स्वतःच्या हाताने गाळून घ्यायची. सकाळी आमच्याकडे थोडा वरणभात खाल्ला तेवढाच. पुरुष मंडळींना मात्र बाहेरचं चालत होतं, आणि तिथेच घात झाला. "मळ्यात जायच्या आदी जरा बाजार दाखवून आनतो," असं म्हणून बाबा त्या दोघांना घेऊन निघाले.

बाबांचं जरा म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. बसस्टँडवर पहिला घाणा निघाला, म्हणून दुसऱ्यासाठी थांबले. जिलेबी संपली होती, म्हणून हलवायाकडून पुन्हा कढई चढवून घेतली. सांबारवडीवाल्याने पाहुणे बघून आग्रह केला, आणि आपल्याच गावच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मधल्या काळात दमणी दाराशी जुंपून उभी, बैल कंटाळलेले, आई सारखी वाटेकडे बघणारी. तिने मुलाच्या आईला काही करून देऊ का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "नको, आता रोडगेच खाऊ." मी सुपारी कातरत बसले होते. उन्हाचा पट्टा ओसरीवरून सरकत भिंतीवर चढला तेव्हा माझा हात चालेना.

जन्मभर सूर्य बघून जेवलेला माणूस. एक दिवस त्याने सूर्याकडे बघितलं नाही, कारण गावची कचोरी दाखवायची होती. राग म्हणजे असा आला होता मला!

मळ्यात पोचलो तेव्हा आमचा सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, आणि त्याची बायको विस्तवाशी बसलेली होती. मालक आले की लावू, या हिशोबाने ती थांबली होती, आणि शेवटी वाट बघून रोडगे नुकतेच पुरले होते. बाबांनी येताक्षणी काठी घेतली आणि राख उकरायला लागले. सालदाराची बायको म्हणाली, "मालक, आजून आतून कच्चे असन. राहू द्या." त्यांनी राहू दिलं, पण बसवेना. मुलाचे वडील बाभळीखाली बसून पोटावरून हात फिरवत होते. मुलाची आई सूर्याकडे तोंड करून शांत बसली होती. सकाळपासूनची उपाशी बाई. तूर सगळी पिवळी झाली, मग करडी. सूर्य बांधाला टेकला, अर्धा राहिला, गेला.

आणि नेमके तेव्हाच रोडगे निघाले. वास असा सुटला की काय सांगू. बाबांनी घाईघाईने एक फोडला, तूप ओतलं, पत्रावळ मुलाच्या आईसमोर धरली. "उजेड हाये अजून, ताई. घ्या, एक घास घ्या. आमच्या मनासाठी."

त्यांनी हात जोडले. "आता नको, भाऊ."

"एकच. दिवाबत्ती बी झाली नाई अजून."

त्यांनी पत्रावळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवरा हळूच म्हणाला, "घे एखादा घास, एवढं म्हणताहेत तर." त्यांचा हात मांडीवरून जरासा उचलला गेला. ते मी पाहिलं, आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"बाबा, सूर्य बुडाला," मी म्हणाले. "आता त्याईले कायले अडचनीत टाकून राह्यले? त्याईले खाता येत नाई, अन् तुमचं मन मोडून नाई म्हनता येत नाई. उशीर आपुन केला. पत्रावळ खाली ठेवा."

बाबांनी पत्रावळ खाली ठेवली आणि पाठ फिरवून दमणीकडे चालू लागले. आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा डाग बरेच दिवस टिकला. मुलगा माझ्याकडे बघत होता, पण त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. संपलं, असं मी मनाशी म्हटलं, आणि रडू येऊ नये म्हणून राखेतले उरलेले रोडगे काढायला बसले.

शेजारी कोणीतरी येऊन बसलं. मुलाची आई. त्यांनी पदर खोचला, माझ्या हातातलं कापड घेतलं आणि राख झटकायला लागल्या. सालदार आणि त्याच्या घरच्यांना रात्रीचं चालत होतं, त्यांना पंगतीला बसवलं. पाहुणी बाई, दिवसभराची उपाशी, एकेकाचा रोडगा फोडून त्यात तूप वाढत होती.

"भूक लागली असेल ना तुला?" त्यांनी मला विचारलं.

दिवसभरात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हो."

"मलाही," त्या म्हणाल्या. आणि हसल्या.

आई तेवढ्यात जवळ आली. "पोरीची जीभ जरा जास्तच हाये. मनावर घेऊ नका."

"असू दे," त्या म्हणाल्या. "साखरपुड्याला याल तेव्हाही तिला गप्प बसवून आणू नका. आमच्या घरात कोणाला तरी वेळेवर नाही म्हणता आलं पाहिजे. मला काही अजून जमलेलं नाही."